हस्तिदंताचा चाकू

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आहे एका चाकूचं. घरातल्यांना कुठला ते लगेच कळलं असेल. :-)

गणपतीत आगाशीच्या घरी सगळे जमलो होतो. जुनं घर पाडायचं ठरलंय, त्यामुळे यंदा आरत्यांपेक्षा आवराआवरच जास्त झाली. माळ्यावरून अण्णांची, म्हणजे आमच्या आजोबांची, पत्र्याची पेटी निघाली आणि तिच्यात तो सापडला. 'हस्तिदंताचा चाकू.' आमच्या घरात त्याला दुसरं नावच नव्हतं. कुणा साहेबानं खूश होऊन अण्णांना दिला, अशी त्याची कथा. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. अण्णा त्यानं सुकेळी कापून एकेक तुकडा हातावर ठेवायचे आणि आजी त्यानंच नैवेद्याचं फळ चिरायची. बाकी वेळ तो फडक्यात गुंडाळलेला.

चाकू बाहेर आला आणि चर्चा सुरू झाली. एक भाऊ म्हणाला, विकू या, हस्तिदंताला चांगले पैसे येतील. दुसरा म्हणाला, पैसे राहू देत, पोलीस येतील, त्यापेक्षा खाडीत टाकून मोकळे होऊ. धाकटी आत्या दोघांवरही भडकली. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. मी गेली काही वर्षं खिशातले जुने चाकू जमवतो आणि घरातले त्याला वेड समजतात. "तू एवढा चाकूवाला ना? मग सांग काय करायचं ते."

म्हणून हे लिहितोय.

आधी चाकूबद्दल थोडं. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि तिकडे तो घडीच्या, मिटणाऱ्या चाकूलाही म्हणतात. तुर्कीत तर खिशातल्या चाकूला अजूनही 'चाकी' म्हणतात. सुरी स्वयंपाकघरातली, कोयता वाडीतला आणि चाकू खिशातला किंवा कलमदानातला. कलमदानात का, तर लिहायला लागायचा म्हणून! बोरूचं टोक लिहून लिहून झिजतं, बोथट होतं. ते पुन्हा तासायचं, तिरका छेद द्यायचा, मधे बारीक चीर पाडायची, की अक्षर परत सुबक. फारसीत या चाकूला नावच 'कलमतराश', म्हणजे कलम तासणारा. इंग्रजांचा पेन-नाइफही तसाच, फक्त ते पिसांची टोकं तासत.

आपल्या वसईचंच उदाहरण घ्या. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, तेव्हाच्या तोफांबद्दल आणि सुरुंगांबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. पण ती मोहीम आपल्याला तपशिलानं ठाऊक आहे ती पत्रांमुळे. पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले, त्यात या मोहिमेचे कागदही आहेत. हा सगळा मोडी पत्रव्यवहार बोरूनं झालेला. तलवारी सगळ्यांना आठवतात. बोरू तासणाऱ्या चाकूची आठवण कोण ठेवणार?

अण्णा शाळामास्तर. मोठे काका सांगतात की सकाळी वर्ग भरण्याआधी पोरं बोरू घेऊन रांगेत उभी राहायची आणि अण्णा याच चाकूनं एकेकाचा बोरू तासून द्यायचे. पुढे बोरू गेले, पेन्सिली आल्या. चाकू तोच राहिला.

आता चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मास्तर येत नाही, गुंड येतो. याला कारण रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमानं घराघरात पोचवला. १९६५ च्या 'वक्त'मधला राजकुमार आणि तो चाकू कोण विसरेल? मार्च २०२३ मध्ये तर रामपुरात एका चौकात वीस फुटी चाकूच उभारला आणि चौकाला नाव दिलं चाकू चौक. माझ्याकडे पितळी मुठीचा एक छोटा रामपुरी आहे, कारागिरी म्हणून मला तो आवडतो. पण तो आणला तेव्हा बायकोनं तो बाहेरच्या खोलीत ठेवू दिला नाही. कुणी पाहिलं तर काय म्हणेल! नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू आपल्याकडे शस्त्रांच्या नियमांत येतात, घरकामाचे आणि शेतीचे सोडून. बिचाऱ्या बोरू तासायच्या चाकूचं पातं जेमतेम माझ्या करंगळीएवढं.

असो. मूळ प्रश्न मुठीचा.

जमवायला लागल्यावर माझ्या एक लक्षात आलं. पातं बहुतेक सगळ्यांचं सारखंच, पोलाद. चाकूची जात कळते ती मुठीवरून. गावठी चाकूला शिसवी किंवा बाभळीचं लाकूड. त्याहून बरा असेल तर म्हशीचं शिंग, काळं, गुळगुळीत आणि हाताला थोडं उबदार. हे शिंग म्हणजे आपल्या नखाच्या जातीचं द्रव्य. तापवलं की मऊ होतं, दाबून सपाट करता येतं. सांबराचं शिंग मात्र अगदी वेगळं. आपण दोन्हींना शिंगच म्हणतो, पण सांबराचं शिंग हे हाडच असतं. ते गळून पडतं आणि पुन्हा नवं येतं. वरून झाडाच्या सालीसारखं खरबरीत असल्यामुळे ओल्या हातातूनही सटकत नाही. इंग्लंडातल्या शेफील्डच्या कारखान्यांना आपल्याकडचं सांबरशिंग फार प्रिय. म्हणजे इथल्या जंगलातलं शिंग बोटीनं तिकडे जायचं आणि चाकूची मूठ होऊन मुंबईच्या दुकानात परत यायचं! आणि सगळ्यात वर हस्तिदंत. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची हस्तिदंताची कोठारं प्रसिद्ध होती. एकेका मुठीमागे एक मेलेला हत्ती आहे हे तेव्हा कुणाच्या मनात येत नसावं. माझ्याही मनात बरीच वर्षं आलं नव्हतं.

कायद्याच्या मनात ते आलं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतून आणलेल्याचाही. ज्यांच्या घरात आधीपासून अशा वस्तू होत्या त्यांना जाहीर करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती. त्याच वर्षी आपल्या दारातलं तुंगारेश्वर अभयारण्य जाहीर झालं, ते पेपरात वाचल्याचं मला आठवतं. पण घरातल्या चाकूची नोंद करायची असते, हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. म्हणजे चाकू खरंच हस्तिदंताचा असेल तर विकणाराही चुकला आणि गुपचूप ठेवणाराही. वनखात्याकडे जाऊन सांगणं, एवढाच सरळ मार्ग उरत होता.

आणि खरं सांगतो, मला भीती वाटत होती. मी संग्राहक, पण माझ्या आजोबांचा चाकू माझ्याच हातानं सरकारजमा करायची वेळ आली असती.

रात्री सगळे झोपल्यावर ओटीवर दिव्याखाली भिंग घेऊन बसलो. हस्तिदंत असेल तर आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बाकदार रेषांची जाळी दिसते. लांबीच्या बाजूनं बारीक लाटा दिसतात, पण छिद्र कुठेही नाही. हाड असेल तर त्यात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. टोकाला त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि लांबीच्या बाजूनं तुटक रेघांसारख्या.

मुठीच्या टोकाला ठिपके होते. बाजूनं रेघा होत्या. जाळी कुठेच नव्हती. पुन्हा पुन्हा पाहिलं, दुसऱ्या बाजूची पट्टीही पाहिली. हाड! गुराच्या पायाचं साधं हाड, शेफील्डच्या स्वस्त चाकूंना सर्रास लावत ते. पात्यावर 'शेफील्ड' एवढं अजून वाचता येतं, कंपनीचं नाव अण्णांच्या सहाणेवर कधीच झिजून गेलंय.

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. खाडीवाला भाऊ सुटल्यासारखा हसला, विकणारा हिरमुसला. आत्या मात्र गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे हाड? आणि आई त्यानं नैवेद्य चिरायची?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजी सोवळ्याची कडक, तिला हे कळलं असतं तर चाकू देवघराच्या उंबऱ्याच्या आत आला नसता. मोठे काका म्हणाले, "अगं, त्या काळात मास्तराच्या पगारात हस्तिदंत कुठून येणार? आणि साहेब तरी कुठला? अण्णांनी मुंबईला जाऊन स्वतःच घेतला असेल." आत्या म्हणाली, "मग ते तसं कधी बोलले का नाहीत?" यावर काका काही बोलले नाहीत.

मला वाटतं, अण्णांना माहीत असणार. वर्षानुवर्षं बोरू तासणाऱ्या माणसाला हातात काय आहे हे न कळेल कसं? पण बायकोला आणि पोरांना वाटतं हस्तिदंत, तर वाटू दे. घरात एक तरी वस्तू श्रीमंतांची आहे या समजावर माणसं थोडी ताठ चालतात. तो ताठा मोडायचा हक्क मला होता का, असं त्या सकाळी वाटलं खरं. पण न सांगतो, तर एकानं चाकू चोरून विकायचं पाहिलं असतं आणि दुसऱ्यानं खाडीत टाकला असता. खोट्या हस्तिदंतापायी खरा चाकू गेला असता.

दुपारी आत्यानं चाकू मागून घेतला. पुसला, खाचेत नख घालून उघडला आणि गणपतीपुढचा पेरू चिरून सगळ्यांना एकेक फोड दिली. चाकू आता तिच्याकडेच आहे. माझ्या संग्रहात तो नाही आणि नसलेलाच बरा.

आता वाचणाऱ्या नातेवाइकांना एक विनंती. तुमच्याही फडताळात असा एखादा चाकू असेल. पात्याला पॉलिश करू नका, गंज दिसला तर तेलाचं बोट फिरवा. मूठ भिंगाखाली बघा. लाकूड, म्हशीचं शिंग, हाड निघालं तर निर्धास्त राहा आणि कुणाचा होता, कशाला वापरायचे ते एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. सांबरशिंग किंवा हस्तिदंत वाटलं तर विकू नका, विकत तर मुळीच घेऊ नका, वनखात्याला विचारा. आणि अण्णांनी तासून दिलेल्या बोरूनं लिहिलेली एखादी वही कुणाकडे निघाली, तर मला जरूर कळवा. चाकू सापडला, आता त्याचं अक्षर बघायचंय.