कोरियाटाऊनमध्ये चांगलं हॉटेल कसं शोधायचं?



महिन्यातून एकदा तरी मला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो : "शनिवारी कोरियाटाऊनला चाललोय, एखादं चांगलं हॉटेल सांग." माझा एक क्लायंट बरीच वर्षं विल्शायर बुलेवार्डवर होता आणि त्या काळात माझी दुपारची जेवणं त्याच भागात झाली, हे मित्रमंडळींना माहीत आहे. पण खरं सांगतो, मी दिलेली यादी सहा महिन्यांत शिळी होते. हॉटेलं बंद पडतात, मालक बदलतात, भाडी वाढतात. म्हणून आज यादी देत नाही, पद्धत सांगतो. आणि ही पद्धत समजून घ्यायची तर त्या मोहल्ल्याचा थोडा इतिहास ऐकावा लागेल. ऐकाल ना?

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. लॉस एंजेलिसच्या डाउनटाऊनच्या पश्चिमेला, विल्शायर, ऑलिंपिक, वेस्टर्न आणि व्हरमाँट या मोठ्या रस्त्यांच्या आसपासचा हा भाग. एके काळी इथे श्रीमंतांची वस्ती होती. अँबॅसेडर हॉटेल इथलंच, जिथे जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आता त्या जागी शाळा आहे. साठच्या दशकात पैसेवाली गोरी कुटुंबं उपनगरांकडे निघाली, इमारती ओस पडू लागल्या, भाडी उतरली. नेमके त्याच वेळी कोरियन आले.

अमेरिकेत कोरियन माणसं त्याआधीही होती. १९०३ च्या जानेवारीत हवाईच्या उसाच्या मळ्यांवर काम करायला १०२ कोरियन जहाजातून उतरले, तिथून ही गोष्ट सुरू होते. त्यांचे पुढारी आन चांग-हो रिव्हरसाइडच्या संत्र्यांच्या बागांत आपल्या माणसांबरोबर राबले. जपानच्या ताब्यात गेलेला देश सोडवायचा म्हणून त्यांनी १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत संघटना उभी केली. त्याच वर्षी, त्याच शहरातून 'गदर' हे पत्र निघू लागलं. त्या गदर चळवळीत आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

पण आज दिसणारं कोरियाटाऊन घडवलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. देशांनुसार ठरवलेले जुने कोटे या कायद्याने रद्द केले. आपल्याकडचे डॉक्टर आणि इंजिनियर ज्या दारातून आत आले, तेच हे दार. दार एक असलं तरी पुढची वाट वेगळी झाली, आणि कोरियाटाऊनच्या हॉटेलांचं रहस्य मला तिथेच सापडतं.

सत्तरच्या दशकात आलेल्या कोरियनांत पदवीधर पुष्कळ होते. शिक्षक, फार्मासिस्ट, कचेरीतले अधिकारी. पण इंग्रजी बेताचं, आणि तिकडच्या पदव्यांना इथे किंमत नाही. पांढरपेशी नोकरी मिळेना. मग त्यांनी दुकानं काढली. त्या काळी कोरियातून केसांचे टोप मोठ्या प्रमाणावर निर्यात होत, ते विकले. किराणा, दारूची दुकानं, ड्रायक्लीनिंग. आणि अर्थातच खाणावळी.

भांडवल कुठून आणलं? एमबीएच्या वर्गात मी व्हेंचर कॅपिटल शिकलो, पण या मोहल्ल्याचं भांडवल बरंचसं 'ग्ये' नावाच्या व्यवस्थेतून आलं. दहा-वीस ओळखीची माणसं दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकतात आणि दर महिन्याला एकाला सगळी रक्कम मिळते. ओळखलंत ना? आपली भिशीच ती. आपल्या आया-मावश्या भिशीच्या पैशातून मिक्सर घ्यायच्या, तर या बायकांनी त्यातून गॅसच्या शेगड्या आणि दुकानाचं डिपॉझिट भरलं.

ही दुकानं जिथे उघडली त्या जागाही पाहण्यासारख्या आहेत. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर कोपऱ्याकोपऱ्यावरचे पेट्रोलपंप बंद पडले आणि त्यांच्या जागी छोटे मिनी मॉल उभे राहिले. समोर पार्किंग, मागे इंग्रजी एल आकारात पाचसात गाळे. आजही कोरियाटाऊनचं उत्तम जेवण अशा गाळ्यांतच मिळतं. तेव्हा पद्धतीचा पहिला नियम : बाहेरच्या रूपावर जाऊ नका. शेजारी लाँड्री आणि दाताचा दवाखाना असेल, तर घाबरून गाडी वळवू नका.

या मोहल्ल्याला चेहरा दिला तो ही दुक ली यांनी. पश्चिम जर्मनीतल्या खाणीत काम करून ते लॉस एंजेलिसला आले. ऑलिंपिक बुलेवार्डवर त्यांनी किराणा बाजार काढला आणि १९७५ मध्ये व्हीआयपी पॅलेस नावाचं मोठं रेस्टॉरंट. त्याच्या छपराची निळी कौलं थेट कोरियातून मागवली होती. आपली गल्ली लांबून ओळखू आली पाहिजे, असा त्यामागचा विचार. शेजारच्या दुकानदारांनी कोरियन पाट्या लावाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली आणि १९८० मध्ये शहराने 'कोरियाटाऊन' या नावाला अधिकृत मान्यता दिली.

आता दुसरा नियम, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा : ज्या हॉटेलात एकच पदार्थ मिळतो, तिथे आधी जा. मेन्यूवर शंभर पदार्थ आणि फोटो असतील, तर ते सगळ्यांना खूश करायला बसलेत. एकाच पदार्थावर चाळीस वर्षं चाललेलं हॉटेल म्हणजे मिसळीच्या गाड्यासारखं. तिथे दुसरं काही मागणं हा अपमान.

उदाहरणार्थ सोल्लाँगतांग. बैलाची हाडं तासन् तास उकळून केलेलं दुधासारखं पांढरं सूप. मीठसुद्धा घातलेलं नसतं. ते टेबलावर असतं, कांद्याच्या पातीबरोबर आपण घालायचं. फिफ्थ स्ट्रीटवरचं हान बात याच एका सुपासाठी प्रसिद्ध आहे. किंवा नेंगम्यॉन, म्हणजे गार रश्श्यातल्या शेवया. हा पदार्थ मुळात उत्तर कोरियाचा. १९५० ते ५३ च्या युद्धात लाखो माणसं दक्षिणेकडे पळाली, ती ही चव बरोबर घेऊन. म्हणून पाटीवर प्योंगयांग किंवा हामहुंग अशी उत्तरेतल्या शहरांची नावं दिसतात. ज्या गावी परत जाता येत नाही, त्याचं नाव पाटीवर लावलेलं असतं. आणि बूदे-चिगे मागवलंत, तर किमचीच्या झणझणीत रश्श्यात डब्यातलं स्पॅम आणि सॉसेज का, असा प्रश्न पडेल. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती आणि अमेरिकन लष्करी तळांवरून बाहेर पडणारं डबाबंद मांस लोक भाजीबरोबर शिजवायचे, त्याची ही आठवण.

आता शाकाहारी श्रोते म्हणतील, आमचं काय? तुमच्यासाठी सुनदुबू. मऊ, न दाबलेल्या टोफूचं उकळतं तिखट कालवण. मोनिका ली यांनी १९८६ मध्ये बेव्हर्ली सून टोफू काढलं, ते याच एका पदार्थासाठी. नंतर ही सूक ली यांनी १९९६ मध्ये बीसीडी टोफू हाऊस सुरू केलं. बीसीडी म्हणजे सोलमधला बुकचांग-दोंग हा भाग. आज त्याच्या अनेक शाखा आहेत. मात्र एक काळजी घ्या. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. रस्सा बहुधा मांसाचा किंवा सुक्या मासळीचा असतो आणि किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचं सार असतं. "रस्सा कशाचा?" हा प्रश्न नेमका विचारा.

आई नाशिकहून आली होती, तेव्हा तिला घेऊन मी अशाच एका टोफूच्या हॉटेलात गेलो. जेवणाआधी छोट्या वाट्या आल्या : मोड आलेलं सोयाबीन, पालक, काकडी, बटाटा. याला बांचान म्हणतात, आणि ते पुन्हा मागितलं तर फुकट मिळतं. इथेच तिसरा नियम : बांचान चाखल्याशिवाय हॉटेलला मार्क देऊ नका. ज्याची डावी बाजू नीट, त्याचं ताट नीट. आई म्हणाली, "अगंबाई, ही तर कोशिंबीर!" मग भात आला, तापलेल्या दगडी भांड्यात. वाढणाऱ्या बाईंनी भात वाडग्यात काढून घेतला आणि तळाशी चिकटलेल्या भातावर गरम पाणी ओतलं. जेवण झाल्यावर ते पाणी प्यायचं आणि सुटलेला करपट भात खायचा. आई भांड्यात डोकावली आणि इतकंच म्हणाली, "खरपुडी." तिने ती चमच्याने खरवडून खाल्ली. त्या बाई लांबून बघत होत्या. हसल्या आणि मला भात न वाढताच दुसरं भांडं आणून दिलं, नुसत्या खरपुडीचं.

परतताना गाडीत आईने विचारलं, "इथे आपली अशी गल्ली का रे नाही?"

प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी एक दुःखाचं पान सांगायला हवं, कारण ते वगळून कोरियाटाऊन सांगणं खोटं ठरेल. २९ एप्रिल १९९२. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे चार पोलीस अधिकारी कोर्टात त्या दिवशी दोषी ठरले नाहीत आणि शहर पेटलं. त्याच्या एक वर्ष आधी एका कोरियन दुकानदार बाईने लटाशा हार्लिन्स या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला, ज्यूसच्या बाटलीवरून झालेल्या भांडणात गोळी घातली होती आणि त्या बाईला तुरुंगवास झाला नव्हता. तो रागही आत साचलेला होता. दंगलीत साठहून अधिक माणसं गेली. कोरियनांची दोन हजारांहून जास्त दुकानं लुटली किंवा जाळली गेली. पोलीस येत नव्हते, तेव्हा लोक रेडिओ कोरियाला फोन करत. कुठे आग लागली आहे, कोण अडकलं आहे, कुणाला मदत हवी आहे, हे सगळं त्या स्टेशनवरून सांगितलं जात होतं. आपल्यासारख्या हौशी रेडिओवाल्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. आपल्या भाषेतला आवाज कधी कधी सणाच्या शुभेच्छांपुरता नसतो.

कोरियन त्या दिवसांना 'साइगु' म्हणतात, म्हणजे चार-दोन-नऊ, तारखेचे आकडे. अनेकांनी दुकानं पुन्हा उघडलीच नाहीत. ज्यांनी उघडली, त्यांना एक गोष्ट उमगली : शेजाऱ्यांशी नातं नसेल, तर निळी कौलं वाचवत नाहीत. आज या भागात राहणाऱ्यांत कोरियनांपेक्षा लॅटिनो जास्त आहेत, आणि कोरियन हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत कित्येकदा हात मेक्सिकन असतात. सोलमध्ये जन्मलेल्या आणि लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या रॉय चोई यांनी २००८ मध्ये कोगी नावाचा ट्रक काढून कोरियन मांस मेक्सिकन टाकोत घातलं, ते काही आकाशातून पडलं नव्हतं. आणि ती व्हीआयपी पॅलेसची इमारत? तिथे आता गेलागेत्सा हे मेक्सिकोतल्या वाहाका प्रांताचं रेस्टॉरंट आहे. कोरियन इमारतीखाली बसून भाजलेल्या मिरच्या-तिळांचं मोले खा. आपल्या काळ्या मसाल्याच्या आमटीची आठवण होईल.

आता आईचा प्रश्न. आपली अशी गल्ली का नाही? मी तिला तेव्हा म्हणालो, "आपण पसरून राहतो ना." ते उत्तर अर्धं होतं. खरं उत्तर असं की, आपल्याला गरज पडली नाही. आपण बहुतेक जण इंग्रजी आणि ऑफर लेटर हातात घेऊन आलो. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला आणि माझ्यासारखे हजारो त्यावर. पगार पहिल्या महिन्यापासून. भिशीतून गाळा घ्यायची, आईच्या हातची चव विकायला ठेवायची वेळ आपल्यावर आली नाही. हे आपलं नशीब. पण त्याची किंमतही आहे. कोरियन मुलाला आजीची चव हवी असेल, तर ती ऑलिंपिक बुलेवार्डवर रात्री उशिरा विकत मिळते. माझ्या मुलीला भरली वांगी हवी असतील, तर ती आमच्या घरी, नाहीतर गणपतीच्या हॉलवर. ज्या घरात करणारं माणूस थकलं, तिथे ती चव संपली.

कोरियनांचंही सगळं सुखाचं नाही बरं का. ज्यांनी भिशीतून हॉटेलं काढली, त्यांनी मुलांना डॉक्टर-वकील केलं, ती मुलं शेगडीपाशी यायला तयार नाहीत. बेव्हर्ली सून टोफू २०२० मध्ये, महामारीत बंद झालं. ३४ वर्षांनी. आई-वडिलांनी पोरांसाठी केलेले कष्ट यशस्वी झाले, की हॉटेल बंद पडतं, असं हे उलटं गणित आहे. म्हणून माझा चौथा आणि शेवटचा नियम : जुन्या हॉटेलांत आधी जा. नवीन, चकचकीत बार्बेक्यू पुढच्या वर्षीही असेल.

तर येत्या शनिवारी निघा. गाडी नेलीत तर पार्किंगला जेवणाइतका वेळ जाईल, त्यापेक्षा मेट्रोने विल्शायर-नॉर्मंडीला उतरा. एकच पदार्थवाला गाळा शोधा. बांचान चाखा. रस्सा कशाचा ते विचारा. गर्दी नसेल तर वाढणाऱ्या आजींना त्या कुठल्या गावच्या, तेही विचारा. मुलांना विचारू द्या, त्यांना उत्तर जास्त प्रेमाने मिळतं.

आणि घरी आल्यावर आईला, सासूबाईंना एक फोन लावा. काळा मसाला कसा भाजतात, किती धने, किती दगडफूल, हे फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मी माझ्या आईचं केलं आहे. वीस मिनिटांची फाइल आहे, त्यातली बारा मिनिटं ती मला ओरडते आहे. तरी ती आमच्या घरातली सगळ्यांत मौल्यवान फाइल आहे, आणि तिचा बॅकअप दोन ठिकाणी आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.