हृदय थांबल्यानंतरची किडनी

भारतात मानवी किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात मे 1965 मध्ये झाला. दाता मृत होता. मेंदूमृत्यूला तेव्हा जगभरात कुठेच कायद्याची मान्यता नव्हती. हृदय बंद पडलं की माणूस गेला, एवढीच मृत्यूची खूण. त्यामुळे हृदय थांबल्यानंतर अवयव घेण्याची, आज नवी म्हणून सांगितली जाणारी वाट खरं तर आपल्याकडची सर्वांत जुनी आहे.

जगातही सुरुवात तिथूनच झाली. 1933 मध्ये युक्रेनमधल्या खेर्सनला युरी व्होरोनॉय यांनी सहा तासांपूर्वी मृत्यू पावलेल्या माणसाची किडनी बसवली. ती चालली नाही. रुग्ण दोन दिवसांत दगावला. रक्तगट जुळला नव्हता आणि वेळही हातातून गेली होती.

रक्तपुरवठा थांबला तरी उबदार शरीरात पेशींना प्राणवायू लागतच राहतो. तो मिळाला नाही की सोडियम-पोटॅशियमचा तोल सांभाळणारी यंत्रणा बंद पडते, पाणी आत शिरून पेशी फुगतात. चार अंशांपर्यंत गार केल्यावर ही गरज दहाव्या हिश्शाच्या आसपास येते. पण गारव्यात तोल सांभाळणारी यंत्रणाही मंदावते, म्हणून नुसता बर्फ पुरत नाही. 1969 मध्ये लॉस अँजेलिसच्या जेफ्री कॉलिन्स यांनी पेशीच्या आतल्यासारखं, जास्त पोटॅशियमचं द्रावण तयार केलं. किडनीतलं रक्त धुऊन ते भरलं आणि कुत्र्यांच्या किडन्या 30 तास टिकल्या. त्याआधीच, 1967 मध्ये, फ्रेड बेल्झर यांनी गार द्रव सतत फिरवणाऱ्या यंत्रावर मानवी किडनी 17 तास जपून बसवली होती. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी जेम्स साउथर्ड यांच्यासोबत केलेलं द्रावण आजही जगभर वापरात आहे.

1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूची व्याख्या मांडली. हृदय चालू असलेल्या दात्याची किडनी ताजी मिळू लागली आणि जुनी वाट बाजूला पडली. मात्र किडनीची वाट पाहणाऱ्यांची रांग वाढतच गेली आणि जुन्या वाटेकडे पुन्हा लक्ष गेलं. 1995 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला कूटस्ट्रा यांनी हृदय थांबलेल्या दात्यांचे चार गट ठरवले. 2009 मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की यंत्रावर जपलेल्या किडन्या नुसत्या बर्फातल्या किडन्यांपेक्षा लवकर कामाला लागतात.

आपला 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा 'मृत' शब्दात दोन्ही मृत्यू धरतो: मेंदूचा आणि हृदय-श्वासाचा. चंदीगडच्या पीजीआयमध्ये 2011 पासून हृदय थांबल्यानंतरचं दान घेतलं जातं. महाराष्ट्रात बोलबाला मात्र मेंदूमृत दात्याचाच.

जालन्याचं उदाहरण घ्या. तिथल्यासाठी अवयवदानाच्या समन्वयाचं विभागीय केंद्र साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला आहे. 2024 मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. 2011 च्या दुरुस्तीमुळे प्रत्यारोपण न करणारी रुग्णालयंही नोंदणी करून अवयव काढून देऊ शकतात. हृदय थांबल्यानंतरच्या दानात मिनिटांचा हिशोब असतो. मृत्यू जाहीर झाला की ठरलेली काही मिनिटं कुणी देहाला हात लावायचा नाही. नंतर लगेच गार द्रावण आत गेलं पाहिजे. ही तयारी मोठ्या शहरात असून भागत नाही, दाता असेल तिथेच हवी.

म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ही नोंदणी करावी आणि डॉक्टर-परिचारिकांना हे काम शिकवावं. आणि वाचकांनो, आपली इच्छा आजच घरच्यांना सांगून ठेवा. त्या घटकेला निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो.