हकीम अजमल खान, सर्पगंधा आणि अजमलीन

हकीम अजमल खान आपल्याला माहीत असतात ते १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून, फार तर जामिया मिल्लिया इस्लामियाचे पहिले कुलपती म्हणून. पण त्यांचे नाव जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या तोंडी आहे, आणि ते एका झाडाच्या मुळीमुळे!

ते झाड म्हणजे सर्पगंधा. युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. उन्माद, निद्रानाश, सर्पदंश अशा तक्रारींवर तिची मुळी शतकानुशतके दिली जात होती. अजमल खान यांनी दिल्लीत तिब्बिया कॉलेज उभारले. १९२१ मध्ये त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. तिथे युनानी आणि आयुर्वेद एकाच छताखाली शिकवले जात. जुन्या औषधांची आधुनिक रसायनशास्त्राने पारख व्हावी, असा हकीमसाहेबांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुणाला हाताशी धरले. डिसेंबर १९२७ मध्ये हकीमसाहेबांचा इंतकाल झाला, पण काम थांबले नाही. १९३१ मध्ये सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळीतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि उस्तादाच्या स्मरणार्थ त्याला नाव दिले, अजमलीन.

त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब कमी करते असे नोंदवले. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, तेव्हा पाश्चात्त्य जगाने कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी याच मुळीतून रेसरपीन काढले. एक मुस्लिम हकीम, बंगाली वैद्य, पारशी डॉक्टर: या मुळीचा इतिहास कुणा एकाच्या मालकीचा नाही.

आता ही मुळी शरीरात करते काय? मज्जातंतूंच्या टोकाशी छोट्या पिशव्यांत नॉरॲड्रेनलिन, सेरोटोनिन, डोपामिन ही द्रव्ये साठवलेली असतात. रेसरपीन हा साठाच होऊ देत नाही. म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, मन शांत होते. पण नाक चोंदते, सुस्ती येते, आणि काही रुग्णांना उदासीनतेने घेरल्याच्या नोंदी आहेत. गुण आणि दोष एकाच क्रियेतून येतात.

अजमलीनचे काम वेगळे. ते हृदयाच्या पेशींतील सोडियमचे मार्ग अडवते. ब्रुगाडा सिंड्रोम हा हृदयाच्या ठोक्यांचा लपलेला आजार ओळखण्यासाठी डॉक्टर आजही ईसीजी लावून त्याचे इंजेक्शन देतात. शरीरात अजमलीनचा निचरा मुख्यतः यकृतातील सीवायपी२डी६ या एन्झाइमकडून होतो. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच निकामी असते. शिवाय सिंकोनाच्या सालीतून मिळणारे क्विनिडीन तेच एन्झाइम अडवते. दोन्ही एकत्र दिली की रक्तातले अजमलीन वाढते. दोन्ही औषधे वनस्पतींतूनच आलेली, तरी एकमेकांची वाट अडवतात.

हे सांगण्याचे कारण आहे. आपल्या घरांतून सकाळी डॉक्टरांची गोळी आणि रात्री हकिमाचे किंवा वैद्याचे चूर्ण घेणारी बुजुर्ग मंडळी कमी नाहीत. "झाडपाल्याने काय होणार?" असे म्हणून डॉक्टरांना चूर्णाबद्दल सांगितले जात नाही आणि हकिमाला गोळीबद्दल. यकृताला मात्र आयुर्वेद, युनानी, ॲलोपॅथी असा भेद कळत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असताना सर्पगंधा घेतली तर दाब प्रमाणाबाहेर उतरू शकतो.

अजमल खान यांच्या वारशाचा अभिमान जरूर बाळगू या. पण त्यांनी आपली विद्या प्रयोगशाळेपासून लपवली नाही, हाही त्या वारशाचाच भाग आहे. मग आपण आपले चूर्ण डॉक्टरांपासून का लपवावे?