सिल्वासाचे चर्च आणि गव्हाणीतले बाळ

मराठी आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगिजांच्या ‘सांताना’ या लढाऊ जहाजाचे नुकसान केले. १७७९ च्या तहात त्याची भरपाई ठरली आणि १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. १८८५ मध्ये नगर हवेलीचे मुख्य ठाणे सिल्वासाला आले. १८९७ मध्ये तेथे ‘पिएदाद’ मातेचे चर्च उघडले. ख्रिस्ती चित्रपरंपरेत ही माता म्हणजे क्रुसावरून उतरवलेल्या पुत्राचा देह मांडीवर घेऊन बसलेली मरिया.

अशा मातेच्या चर्चमध्ये नाताळचा गोठा विसंगत वाटेल. शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली की ही शंका उरत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरिया बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवते. तेविसाव्या अध्यायात त्याच येशूचा देह तागाच्या कापडात गुंडाळून खडकात खोदलेल्या कबरीत ठेवला जातो. बायझंटाइन चित्रकारांनी हा धागा नेमका पकडला. त्यांच्या जन्मचित्रांत काळोखी गुहा असते, गव्हाण दगडी शवपेटीसारखी असते आणि बाळ पट्ट्यांनी आवळलेले असते. मत्तयच्या ज्ञानी लोकांनी सोने, ऊद आणि गंधरस आणला. योहानच्या एकोणिसाव्या अध्यायात निकदेम येशूच्या दफनासाठी गंधरसच घेऊन येतो.

बैल आणि गाढव मात्र लूक आणि मत्तय यांच्या जन्मकथांत नाहीत. मालकाची गव्हाण ओळखणारी ही जनावरे जुन्या करारातील यशयाच्या पहिल्या अध्यायातली. चौथ्या शतकातील दगडी शवपेट्यांवर ती बाळाजवळ कोरलेली दिसतात. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो येथे खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून गोठ्याचा देखावा मांडला. ज्ञानी लोक तीन होते, असेही मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन धरली गेली.

मराठीत येशूच्या जन्माची ही कथा फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त आहे. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूरला छापलेल्या आवृत्तीची एकही प्रत उरली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

गोठा पाहताना शुभवर्तमानातली खूण कोणती आणि परंपरेने जोडलेली कोणती, हे प्रत्येकाने तपासावे. त्याने श्रद्धेला बाधा येत नाही. बाळंते आणि गंधरस या दोन खुणा शुभवर्तमानांतल्याच आहेत, आणि त्यांच्या आधारे पाहिले तर पिएदाद मातेच्या चर्चमधला गोठा अगदी योग्य जागी आहे.