हबमधले अडतीस छर्रे : चोपड्यातल्या एका जुन्या सायकलीच्या निमित्ताने

पेडणे तालुक्यातल्या जुन्या घरांत, पडवीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून, २८ इंची चाकांची काळी सायकल अजून दिसते. तिच्यापुढे आज दोनच वाटा असतात. एक भंगारवाल्याकडे जाते. दुसरी एखाद्या कॅफेच्या दारात. तिथे तिला पिवळा रंग फासतात, हँडलला फुलांची टोपली अडकवतात आणि पर्यटक शेजारी उभे राहून फोटो काढतात. दोन्ही वाटांवर चाक मात्र थांबतं.

चोपड्यातल्या एका घरी अशी सायकल पाहायला मिळाली, तेव्हा घरच्यांचा प्रश्न साधा होता : "ही परत चलतली काय?" नातवाला ती वापरायची होती; तसं नसतं तर ती भंगारातच जायची. सांगाडा धड होता. चाकं आडवी हलवली की डुगडुगत होती, फिरवली की करकरत होती. म्हणजे रोग हबमध्ये होता. हा रोग घरच्या घरी बरा करता येतो, आणि करता करता त्या सायकलीचा इतिहासही हाती लागतो. तेवढंच या टिपणात मांडायचं आहे.

नदीकाठचं गाव

चोपडे शापोरा नदीच्या उत्तर काठावर, समोर बार्देशातली शिवोली. पूल होण्याआधी इथली सायकल फेरीबोटीतून पलीकडे जायची आणि मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची वाट धरायची. नदीला इथे भरती-ओहोटी आहे, पाणी मचूळ. शेजारी आगरवाड्याची मिठागरं. त्यात चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने रस्त्याची तांबडी धूळ.

बेअरिंगचे तीन शत्रू म्हणजे मीठ, पाणी आणि कच. इथे तिन्ही एकत्र नांदतात. जांभ्याच्या धुळीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. धातू घासून चकचकीत करायला वापरतात ती रूजची पूडही लोहाचा ऑक्साइडच असते. ही धूळ, तिच्यातल्या बारीक रेतीसकट, हबमधल्या ग्रीसमध्ये मिसळली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात पोलादाला पॉलिश बसत राहतं. ते पॉलिश म्हणजेच झीज.

छऱ्यांची गोष्ट

छर्रे म्हणजे बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या. त्यांचा आणि सायकलीचा संबंध फार जुना. पॅरिसचा सायकल कारागीर ज्यूल सुरिरे याने १८६९ साली सायकलीसाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रूआँ ही सुमारे १२३ किलोमीटरची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलीला हीच बेअरिंग होती. पुढे १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशरने गोळ्या एकसारख्या गोल घासून काढणारं यंत्र बनवलं, आणि छर्रे स्वस्त झाले. मोटारी आणि कारखान्यांची यंत्रं ज्या बेअरिंगांवर फिरू लागली, त्या उद्योगाला पहिलं मोठं गिऱ्हाईक सायकलीने मिळवून दिलं.

हबची रचनाही त्याच काळात स्थिरावली. हबच्या दोन्ही टोकांना एकेक वाटी, तिच्यात सुटे छर्रे, आणि त्यांना दाबून धरणारा शंकूच्या आकाराचा नट, ज्याला आपला मिस्त्री 'कोन' म्हणतो. या रचनेचा मोठा गुण असा, की झीज झाली तर कोन थोडा आवळायचा. त्याहून जास्त झाली तर छर्रे बदलायचे. आणखी झाली तर कोन. सगळं हब फेकायची वेळ फार उशिरा येते.

इंचाची मापं

पोर्तुगालने मेट्रिक मापं एकोणिसाव्या शतकातच स्वीकारली होती. तरी पोर्तुगीज गोव्यात फिरणारी इंग्लिश सायकल मात्र इंचातलीच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी ती नॉटिंगहॅमच्या रॅलेसारख्या किंवा बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिस, बीएसएसारख्या कारखान्यांतून जहाजाने यायची. भारताच्या पन्नाशीतल्या नाकेबंदीनंतर गोव्याच्या बाजाराची भिस्त परदेशी मालावर आणखी वाढली.

मुक्तीनंतर भारतीय सायकली आल्या. अंबत्तूरचा टीआय सायकल्स (१९४९), सोनिपतचा ॲटलस (१९५१), लुधियानाचा हिरो (१९५६), सगळे कारखाने तेव्हा नवे होते. पण त्यांनी साध्या सायकलीचा नमुना इंग्लिशच ठेवला : पुढच्या हबला ३/१६ इंचाचे दहा-दहा छर्रे, मागच्याला १/४ इंचाचे नऊ-नऊ, आणि आसाला इंचाला २६ आटे. राज्य बदललं, चलन बदललं, पण इंग्लंडात बनलेल्या हबला लुधियानाचा छर्रा बसत राहिला. जुनी सायकल टिकली ती या सारख्या मापांमुळे.

हब उघडताना

सायकल उलटी करून चाक काढा. खाली परात ठेवा, नाहीतर छर्रे पडवीभर पळतात. एका बाजूचा लॉकनट सोडवा, पातळ पान्याने कोन फिरवून काढा, आस बाहेर ओढा. छर्रे मोजा, आणि दोन बाजूंचे वेगळे ठेवा. सगळं रॉकेलने धुऊन फडक्याने पुसा.

आता उजेडात वाटी आणि कोन पाहा. छर्रे जिथून धावतात तिथे गुळगुळीत पट्टा दिसला तर चांगलं. बॉलपेनचं टोक त्या पट्ट्यावरून फिरवा. अडखळलं तर खड्डे पडलेत, कोन बदला. नवा कोन जुन्या आसावर हाताने सहज चढला पाहिजे. जोर लावावा लागला तर आटे वेगळे आहेत असं समजा. वाटी हबमध्ये ठोकून बसवलेली असते. ती धड असेल तर तिला हात लावू नका.

छर्रे मात्र सगळे नवे घ्या. नवे-जुने मिसळले तर नवे किंचित मोठे असतात आणि सगळा भार त्यांच्यावरच येतो. वाटीत ग्रीस भरा, छर्रे एकेक करून बसवा. एका छऱ्याला जेमतेम पुरेल एवढी फट राहिली पाहिजे; ती भरायला जादा छर्रा कोंबू नये. आस घाला, कोन बोटांनी टेकेपर्यंत आवळा, मग किंचित मागे घ्या आणि लॉकनट घट्ट करा. लॉकनट आवळताना कोनही थोडा पुढे सरकतो, म्हणून हे दोन-तीनदा करावं लागतं. चाक आडवं डुगडुगू नये, आणि हळू सोडलं तर व्हॉल्व्हच्या वजनाने आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबावा. ही जुन्या मिस्त्रींची परीक्षा आहे, आणि तिच्याहून चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

जुन्या इंग्लिश हबला मधोमध तेलाचं भोक आणि त्यावर स्प्रिंगची पट्टी असते. तिथून शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब घालत राहावं. सायकल पूर्ण खोलून साफ करण्याच्या कामाला आपल्याकडे 'ओव्हरहॉल'ऐवजी 'ओव्हरऑइल' म्हणतात. अपभ्रंश खरा, पण अर्थ अगदी चुकीचा नाही.

काय वाचायचं?

चाक फिरतं तेव्हा वाटी त्याच्यासोबत फिरते, पण कोन आसावर स्थिर असतो. म्हणून वाटीची झीज गोलाकार, सारखी पसरते. कोनाची झीज मात्र खालच्या बाजूलाच होते, कारण भार नेहमी तिथेच येतो. जुने मिस्त्री यावर युक्ती करत : आस अर्धा फेरा फिरवून बसवायची, की कोनाची न झिजलेली बाजू खाली येते आणि सायकल आणखी काही दिवस निघते.

चोपड्यातल्या त्या सायकलीच्या पुढच्या हबवर 'मेड इन इंग्लंड' अशी पुसट अक्षरं होती, पण एका कोनावर 'इंडिया' कोरलेलं. मागच्या हबच्या एका बाजूच्या नऊ छऱ्यांपैकी तीन इतरांपेक्षा किंचित मोठे होते. म्हणजे कधीतरी फक्त हरवलेले तेवढेच भरले होते. मागच्या कोनांवर खालच्या बाजूला खोल खड्डे होते, आणि आसाच्या दुसऱ्या अंगाला तसेच, जरा उथळ. म्हणजे ती आस फिरवून पुन्हा वापरली होती. गंजाचे खड्डे तांबडे आणि विखुरलेले असतात. हे एका पट्ट्यात होते, भाराचे होते.

हबने एवढंच सांगितलं, की मागे पुष्कळ वर्षं जड ओझं होतं. कसलं, ते हब सांगू शकत नाही. ते घरच्या आजीने सांगितलं : आगरवाड्याच्या मिठाची पोती कॅरिअरवर बांधून गावोगाव नेत. वस्तूची साक्ष आणि माणसाची साक्ष अशी एकमेकींना मिळते तेव्हा इतिहासाचं काम पुढे सरकतं. एकटी कुठलीही अर्धीच.

मूळ म्हणजे काय?

वारसाप्रेमी मित्र विचारतात, भाग बदलले तर सायकल मूळ कशी राहिली? माझं मत असं, की छर्रा झिजण्यासाठीच असतो. तो बदलणं हाच तिच्या वापराचा भाग आहे, जसं कौलारू घराची फुटलेली कौलं बदलणं. बदललेले भाग मात्र फेकू नयेत. आजच्या बऱ्याच सायकलींना बंद बेअरिंग असतात; ती उघडून वाचता येत नाहीत, अख्खी काढून नवी घालायची. सुट्या छऱ्यांचे हब जाणारे पुरावे आहेत.

म्हणून वाचकांना विनंती. घरची जुनी सायकल खोलाल तेव्हा हबवरच्या अक्षरांचे फोटो घ्या, छर्रे मोजून लिहून ठेवा, आणि जुने कोन पाकिटात घालून वर तारीख आणि गाव लिहा. शक्य असेल तर घरातल्या वयस्क माणसाला जवळ बसवून घ्या. परातीतले छर्रे पाहिले की माणसं आपणहून बोलू लागतात.