नवेगावबांधच्या पाण्यावरची शिरगणती

कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी पूर्व विदर्भातल्या नवेगावचा बांध घातला, असं परंपरा सांगते. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर धान होतं, बदकं नव्हती. टेकड्यांमधल्या फटी मातीच्या पाळीने बुजल्या आणि सुमारे 11 चौरस किलोमीटरचा तलाव उभा राहिला. भोवतालच्या टेकड्या 'सातबहिणी' झाल्या, कोलू पाटील 'कोलासूर' देव झाले. बांध घालणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवणारी गावं तशी थोडीच!

पाखरांचं वेळापत्रक मात्र या शेतीच्या सोयीत नेमकं बसलं. पावसाळा सरता तलाव तुडुंब असतो. आश्विन-कार्तिकात धान पिकत येतं, त्याला पाणी सोडलं की काठ हळूहळू उघडा पडतो आणि उथळ, शेवाळी, चिखलाचा पट्टा तयार होतो. याच सुमारास उत्तरेकडचे थवे उतरू लागतात. धोबी आधी येतो. मग चक्रवाक, तलवार बदक, थापट्या. थापट्याची चोच टोकाला उलथन्यासारखी पसरट. मान पाण्यालगत धरून तो ती डावी-उजवीकडे फिरवतो, चिखलपाणी गाळतो आणि बारीक जीव तेवढे ठेवून घेतो. खोल पाण्यातल्या वनस्पतींवर मोठी लालसरी ताव मारते.

युरोपात पाखरांच्या अशा येण्याजाण्याची नोंद बेटांवरही झाली. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँडवर हाइनरिश गेट्के हा चित्रकार पन्नासेक वर्षं राहिला, पाखरं टिपत गेला आणि 1891 मध्ये त्यावर ग्रंथ काढला. 1910 मध्ये तिथे पक्षीनिरीक्षण केंद्रच उभं राहिलं. दमलेल्या पाखरांना समुद्रात टेकायला तेवढाच खडक, म्हणून मोजणाऱ्यालाही तीच जागा सोयीची. नवेगावात गणित उलटं: भोवती रान आणि मधे पाणी.

इथे केंद्राची इमारत नव्हती, माणसं होती. माधवराव पाटील डोंगरवार हे नवेगावचे जाणते रानपाटील. सत्तरच्या दशकात वनाधिकारी म्हणून आलेल्या मारुती चितमपल्लींना त्यांनी हे रान आणि पाणी दाखवलं. 1975 मध्ये नवेगावचं राष्ट्रीय उद्यान झालं. चितमपल्लींच्या पुस्तकांमुळे नवेगावबांध पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या घरी पोहोचला. पण त्या पानांमागचं बरंचसं ज्ञान पाटलांचं आणि तलावावर जगणाऱ्या धिवर मच्छीमारांचं होतं, ही गोष्ट चितमपल्लींनी कधी लपवली नाही.

पाखरांच्या पायात कड्या घालून त्यांचा माग काढण्याचं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 पासून डॉ. सालिम अलींच्या पुढाकाराने मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, कारण पाखरांबरोबर रोगही प्रवास करतात का, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. 1987 पासून आशियाई पाणपक्षी गणना होते, पण ती जानेवारीत. म्हणजे मुक्कामाला बसलेले पाहुणे मोजले जातात. पहिला थवा कधी उतरला, हे निसटतं. राज्य सरकारने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' ठरवला, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. निदान थवे उतरण्याचा महिना तरी बरोबर साधला.

मोजायला पाखरं हवीत, तर तलाव जिवंत हवा. 1951 मध्ये मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणून 'मामा तलाव' हे नाव पडलं. पूर्व विदर्भात ते सहा हजारांवर आहेत. मालकी बदलली तशी देखभालही ढिली पडली. कित्येक तलावांत गाळ साचला, काठांवर बेशरम ही वनस्पती माजली. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धिवरांना सोबत घेऊन काम सुरू केलं. आधी बेशरम उपटायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पाऊस पडला की देशी पाणवनस्पती लावायच्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आणि कोणत्या पाखराला लागते, हे सांगायला धिवरांना पुस्तक उघडावं लागलं नाही.