प्रोस्टेट ग्रंथीची हालचाल (किरणोपचारातील)

प्रोस्टेटच्या कर्करोगावर अचूक किरणोपचार करताना ग्रंथीच्या जागेत होणारा बदल. ही ग्रंथी मूत्राशयाखाली, गुदाशयाच्या पुढे असते. गुदाशयात मळ वा वायू साचला, मूत्राशय भरला की ती सरकते. मुख्यतः पुढे-मागे व वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फार कमी. हा बदल उपचाराच्या दोन बैठकींच्या दरम्यान होतो, तसाच एकाच बैठकीतही. तो बहुधा काही मिलिमीटरचा, क्वचित १ सेंमी.हून अधिक असतो.

त्यासाठी ग्रंथीभोवतीची काही मिलिमीटरची सुरक्षा-कडही किरणांच्या कक्षेत धरतात. कड वाढवली तर गुदाशय व मूत्राशयाला इजा होण्याचा धोका वाढतो. कमी केली तर गाठ निसटू शकते. म्हणून ग्रंथीत सोन्याचे बारीक दाणे बसवून क्ष-किरणांनी त्यांची जागा पाहतात किंवा उपचाराच्या टेबलावरच सीटी स्कॅन करतात. रुग्णाने पोट साफ ठेवणे आणि ठरल्या वेळी ठरावीक पाणी पिणे तितकेच मोलाचे.

जागा नेमकी कळली की प्रत्येक बैठकीतील किरणांची मात्रा वाढवता येते. त्यामुळे पूर्वीच्या सुमारे ३७-३९ बैठकींऐवजी २०, निवडक रुग्णांत ५ बैठकी पुरतात. दूरवरून येणाऱ्या रुग्णांना याचा मोठा फायदा होतो. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातील रुग्णांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठता येते. पण मोलमजुरी बुडवून आठवडेच्या आठवडे परगावी राहणे कठीण. म्हणून बैठकी कमी करणारी मिलिमीटरची ही अचूकता त्यांचे उपचार अर्धवट सुटू नयेत यासाठीही महत्त्वाची आहे.